व्हर्नाची शेव्हेल

"खालचं बाथरूम वापरू नकोस गं," व्हर्ना स्वयंपाकघरातून ओरडली, पण तोवर मी दार उघडलं होतं. बाथटब काठोकाठ काळ्या पाण्यानं भरला होता आणि त्यातून दोन जाडजूड स्प्रिंगा डोकं वर काढून बसल्या होत्या. सगळ्या बाथरूमभर गोडसर, आंबूस वास कोंदला होता.

"हे काय भिजत घातलंयस?" मी विचारलं.

"काकवीचं पाणी आहे. गुरांच्या खाद्याच्या दुकानातून आणली काकवी. दोन आठवडे ठेवलं की गंज आपोआप सुटतो, पत्र्याला ओरखडासुद्धा येत नाही."

"आणि तू आंघोळ कुठं करतेस?"

"लाँड्रीत. ड्यूटी संपल्यावर. तिथलं गरम पाणी फुकट आहे."

मार्लो गावच्या इस्पितळाच्या लाँड्रीत आम्ही दोघी एकाच टेबलापाशी चादरींच्या घड्या करायचो. मी पूर्वेकडून धरायची, ती पश्चिमेकडून. इतकी वर्षं चादरीची दोन टोकं धरली की माणसाचं काही लपून राहत नाही. व्हर्ना हॉडाक तोंडाची फटकळ आणि हाताची स्वच्छ. डाग दिसला की तिला चैन पडत नसे. दुसऱ्या कुणाच्या ब्लाउजवर कॉफी सांडलेली असली तरी तिचे हात शिवशिवायचे.

तिचा नवरा लायल त्या वसंतात गेला होता. गॅरेजमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या गेला, समोर गाडी होती. गाडी म्हणजे सत्तर सालची शेव्हेल: दोन दारं, लांबलचक नाक आणि नाकात घोड्यांचा अख्खा तबेला असलेलं एंजिन. लग्नाआधी त्यानं ती शेजारच्या राज्यातून ओढून आणली, सुटी केली, आणि मग उभ्या संसारात "पुढच्या उन्हाळ्यात जोडतो" म्हणत राहिला. पगारातला मोठा वाटा सुट्या भागांत जायचा आणि ते भाग कॉफीच्या डब्यांत जायचे. व्हर्नानं कधी एखादा डबा उचलला तर म्हणायचा, "आधी हात धुऊन ये." दिवसभर साबणात हात बुडवणाऱ्या बाईला!

दफनाच्या दिवशी मात्र जो तो म्हणत होता की लायलसारखा कारागीर होणे नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. त्या कारागिरानं जन्मात एक गाडी जोडली नव्हती.

त्याच दिवशी लायलचा धाकटा भाऊ ड्वेन पिकअपच्या मागं ट्रेलर जोडून आला. आम्ही अजून काळ्या कपड्यांत होतो. टेबलावर हॅम आणि बटाट्याचं सॅलड मांडलेलं होतं. ड्वेननं आधी ताट भरून घेतलं आणि मग खाता खाता म्हणाला, "जाताना गाडी घेऊन जातो."

"कुठली गाडी?" व्हर्नानं विचारलं.

"लायलची. तुला काय करायचीय ती? गॅरेज मोकळं होईल तुझं. कपडे वाळत घाल मस्त."

"मी चालवणार आहे."

लोकांचे काटे ताटातच थांबले. ड्वेन हसला. हसताना तो मान मागं टाकतो, म्हणजे सगळ्यांना कळावं की हसायची जागा आली. "अगं बाई, ती चालत नाही. ती डब्यांत आहे."

"मग डब्यांतून बाहेर काढीन."

"तू?"

"मीच. दुसरं कोण आहे इथं?"

ड्वेननं तोंड पुसलं. त्याला राग आला होता, पण भावाच्या दफनाच्या दिवशी वहिनीशी भांडलेलं चारचौघांत बरं दिसलं नसतं. "बरं तर," तो म्हणाला. "अडलीस तर विचार. विचारायला लाजू नकोस हो." आणि रिकामा ट्रेलर खडखडवत निघून गेला.

काकवीच्या टबाशी उभी राहून मी व्हर्नाला सरळ विचारलं, "लायलची आठवण म्हणून करतेयस का हे सगळं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पांढऱ्या धुण्यात लाल मोजा टाकला. "लायलची आठवण? नोरीन, माझं छत गळत होतं तेव्हा त्यानं कार्बुरेटर घेतला. दाढ ठणकत होती तेव्हा चाकं घेतली. ती गाडी माझ्या पैशाची आहे. मला ती एकदा मेन स्ट्रीटवरून चालवायचीय. शनिवारी, दिवसाढवळ्या, काच खाली करून, बर्गरच्या दुकानावरून. ते सगळे तिथं बसलेले असताना. थांबायचंसुद्धा नाही मला. नुसतं समोरून जायचंय."

तिला हवं होतं ते एवढंच. मागणं काही मोठं नव्हतं.

शनिवारी दुपारी मेन स्ट्रीटच्या टोकाला, बर्गरच्या दुकानासमोरच्या मैदानात जुन्या गाड्यांचे मालक जमतात. गाड्यांची बॉनेटं उघडून ठेवतात, शेजारी घडीच्या खुर्च्या मांडतात आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. काही जण खिशात कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बाळगतात. कुणी पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलाय असा संशय आला की हळूच चुंबक लावून बघतात. चिकटलं नाही तर वर्षभर तेच पुरतं. बायका थोड्या लांब सावलीत बसतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

त्या पहिल्या उन्हाळ्यात व्हर्ना मला घेऊन तिथं गेली, कारण तिथं लोक जुने भाग सतरंजीवर मांडून विकतात आणि तिला स्टिअरिंगचं चाक हवं होतं. ड्वेनची आमच्याकडे पाठ होती. भोवती पाच-सात माणसं होती.

"काल फोन आला तिचा," तो सांगत होता. आवाज बारीक करून, मान वाकडी करून त्यानं व्हर्नाची नक्कल सुरू केली. "'ड्वेन, एंजिनचा ठोकळा धुवायचा ना रे? गरम पाण्यानं की थंड?' मी म्हटलं, 'रंग जात असेल तर थंड पाण्यानं धू गं बाई. आणि वाळत घालताना उलटा घाल!'"

माणसं गुडघ्यांवर हात मारून हसली. एकानं विचारलं, "इस्त्री करते का रे?"

"करणार! प्रत्येक नटाला चिंधीची चिठ्ठी शिवलीय तिनं, कॉलरला लावतात तशी. लायल थडग्यात कूस बदलत असेल."

मग त्यातल्या एकाचं आमच्याकडे लक्ष गेलं आणि हसू एकेका तोंडावरून विझत गेलं. ड्वेन वळला. शरमेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "आल्या बघा मिस्त्रीणबाई! बोला, आज काय धुवायचंय?"

व्हर्नानं सतरंजीवरचं चाक उचललं, पैसे दिले आणि आम्ही निघालो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "आता कुणाला काही विचारायचं नाही."

आणि तिनं विचारलं नाही. एंजिनचा ठोकळा यंत्रावर आतून कापून-घोटून आणल्यावर तो साबणाच्या गरम पाण्यानंच धुतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे प्रश्न बरोबर होता, पण बरोबर असून उपयोग काय? हसणाऱ्यानं एकदा हसून घेतलं की उत्तर शोधायला कोण जातं.

पुढची वर्षं तिनं ती गाडी जशी केली तशी दुसऱ्या कुणी केली नसती. पैसा नव्हता, म्हणून तिनं घाम आणि साबण वापरला. गावाबाहेरच्या मशीनवाल्या म्हाताऱ्याचे तेलकट डगले ती वर्षभर धुऊन देत राहिली, बदल्यात त्यानं एंजिन कापून नीट करून दिलं. दारं भंगारातल्या एका चेपलेल्या गाडीची आणली. क्रोमवरचे डाग ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासले. लाँड्रीत फाटक्या चादरी शिवायचं मोठं यंत्र आहे, त्यावर तिनं जेवणाच्या सुट्टीत सीटची आवरणं शिवली. मी शेजारी बसून सँडविच खायची आणि शिवण धरायची. टाका वाकडा गेला की ती उसवायची. "दिसत नाही गं कुणाला," मी म्हणायची. "मला दिसतं," ती म्हणायची.

रंगाच्या दुकानात कुणीतरी मागवलेला आणि न नेलेला निळा रंग पडून होता, तो तिनं निम्म्याहून कमी भावात उचलला. गॅरेजमध्ये चारी बाजूंनी ओल्या चादरी टांगल्या, म्हणजे धूळ त्यांना चिकटते, आणि भाड्याच्या यंत्रानं रंग मारला. लायलला लाल हवी होती, काळ्या पट्ट्यांची. "लाल का नाही केलीस?" मी विचारलं. "लाल करायची तर त्यानं करायची होती," ती म्हणाली.

रंग मारण्याआधीच्या आठवड्यात ड्वेन आला. मी तिथंच होते, म्हणून हे सांगू शकते. शनिवारची सकाळ होती. एंजिन बाहेर काढलेलं होतं, समोरची काच काढलेली होती आणि व्हर्ना गुडघ्यांवर बसून, एंजिनच्या आणि माणसांच्या मध्ये जी पत्र्याची भिंत असते ना, ती घासत होती. तिथं गंजाचे पापुद्रे धरले होते. तिनं खरवडून, घासून, मग बारीक कागदानं घोटून तो पत्रा थाळीसारखा लख्ख केला होता.

ड्वेन हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन दारात उभा राहिला. मग आत आला. त्या भिंतीजवळ वाकला, एका ठिकाणी बोट फिरवलं, आणि बराच वेळ बोट तिथंच ठेवलं.

"इथं काही होतं का गं?" त्यानं विचारलं.

"ओरखडे होते," व्हर्ना मान वर न करता म्हणाली. "खोल होते. घासून घासून हात मोडला माझा."

"अस्सं."

मग त्याची नजर बाकड्यावर गेली. तिथं एका बशीत व्हिनेगरमध्ये बोटभर लांबीची धातूची पट्टी पडली होती. गाडीचा नंबर कोरलेली पट्टी. काचेच्या आतल्या डाव्या कोपऱ्यात ती असते. तिच्याखाली गंज धरला होता, म्हणून व्हर्नानं तिचे दोन्ही रिव्हेट ड्रिलनं उडवून ती काढली होती. ड्वेननं पट्टी बशीतून उचलली, उजेडात धरली, पुन्हा बशीत ठेवली.

"परत कशी बसवणार?"

"नवे रिव्हेट आणलेत. चकचकीत आहेत. जुने कसलेसे होते, फुलासारख्या डोक्याचे, किटलेले. फेकून दिले."

ड्वेन हसला. त्या दिवशी त्यानं मान मागं टाकली नाही. "छान," तो म्हणाला. "फार स्वच्छ हात आहे बाई तुझा." कॉफी संपवली, पेला तिच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि शीळ घालत गेला.

"हा आज चांगला कसा वागला?" मी विचारलं.

"जळतोय," व्हर्ना म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

गाडी सुरू झाली त्या दिवशी मी रडले. व्हर्ना रडली नाही. पहिल्यांदा नुसती घरघर, मग मागच्या नळीतून काळा धूर, मग एकदम असा आवाज झाला की शेजारच्यांच्या खिडक्या थरथरल्या. व्हर्ना स्टिअरिंगमागं बसली होती. केस रुमालात बांधलेले, दोन्ही हात चाकावर, आणि तोंड उघडं. पाय पेडलवरून काढायचं तिला सुचत नव्हतं. एवढा आनंद मी तिच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता आणि मला तिचा हेवा वाटला. माझं सबंध आयुष्य चादरींच्या घड्या करण्यात गेलं आणि असं काही माझ्या हातून सुरू झालं नाही.

"चल, एक चक्कर मारून येऊ," मी म्हटलं. "गल्लीच्या टोकापर्यंत. कोण बघतंय?"

"कागद नाहीत." तिनं गाडी गॅरेजच्या दारापर्यंत आणली आणि तिथंच थांबवली. "लायलनं कधी नावावरच केली नाही ती. दुसऱ्या राज्यातली, म्हणून आधी तपासणी. मग नाव, मग नंबरप्लेट, मग रस्ता. चोरासारखी नाही काढणार मी गाडी. चोरून काढली तर तेच बोलतील उद्या."

आमच्याकडे तपासणी म्हणजे काही फार मोठं नसतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी आवार आहे, तिथं एक माणूस गाडी बघतो, नंबर जुळवतो, शिक्का मारतो. पण नंबरप्लेट नसलेली गाडी तिथवर चालवत न्यायची नाही, ओढून न्यायची. ओढणारे भाडं फार सांगत होते. आणि नेमका ड्वेनचा फोन आला. "माझा ट्रेलर आहे की. घरच्या माणसाला नको का विचारायला?"

"नको घेऊस त्याचा ट्रेलर," मी म्हटलं. "त्याला कसला पुळका आलाय?"

"येऊ दे त्याला. पास होताना बघू दे त्याच्या डोळ्यांनी. मग सोमवारपर्यंत सगळ्या गावाला तोच सांगेल. माझा फोन वाचेल." तिनं त्या दिवसासाठी केस सेट करून घेतले होते.

गाडी ट्रेलरवर चढवताना ड्वेननं फारच काळजी घेतली. पट्टे बांधले, पट्ट्यांखाली फडकी घातली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण दांडा हसतमुख असला की ओळखायचा कसा?

तपासणीचा माणूस तरुण होता, गोरागोमटा, सरकारी टोपी घातलेला. गाडी उतरवल्यावर त्यानं आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. "सुंदर," तो म्हणाला. "कुणी केली ही?"

"मी," व्हर्ना म्हणाली.

"एकटीनं?"

"एकटीनं. हिनं शिवण धरली फक्त."

"माझ्या आजोबांकडं अशीच होती," तो म्हणाला आणि मग विजेरी घेऊन काचेच्या डाव्या कोपऱ्यावर वाकला. वाकला तो सरळ होईना. विजेरी इकडून धरली, तिकडून धरली. मग बॉनेट उघडायला सांगितलं. आरसा लावलेली काठी आत घालून त्यानं ती पत्र्याची भिंत पाहिली, आणि जिथं ड्वेननं बोट फिरवलं होतं तिथं यानंही बोट फिरवलं.

"मॅडम," तो म्हणाला. आवाज अगदी बदललेला. "ही नंबरची पट्टी कुणीतरी काढून परत लावलीय. कारखान्याचे रिव्हेट नाहीत हे."

"हो. खाली गंज होता."

"आणि इथं, या पत्र्यावर, याच नंबरातले आकडे ठोकलेले असतात. पट्टी खोटी असेल तर गाडी यावरून ओळखतात. इथं काहीच नाही."

"ओरखडे होते तिथं," व्हर्ना म्हणाली. पण ते वाक्य तिनं सुरू केलं एका आवाजात आणि संपवलं दुसऱ्या आवाजात.

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं आजूबाजूला पाहिलं, टोपी काढली, आवाज खाली आणला. "नीट आठवून सांगा, मॅडम. गाडी तुमच्या मिस्टरांची होती. ते वारलेत. त्यांच्याच हातून झालं असेल का हे? आधीच्या मालकाच्या हातून झालं असेल तर नव्या नंबरासाठी अर्ज करता येतो. आत्ताच्या मालकानं केलं तर तसं नसतं. माझं म्हणणं तुमच्या लक्षात येतंय ना?"

मला ते लख्ख समजलं. मी व्हर्नाच्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात. बोल, लायलनं केलं म्हण. त्यानं जन्मभर तुला काही दिलं नाही, मेल्यावर एक खोटं तरी देऊ दे.

व्हर्नानं दंड सोडवून घेतला. ती गाडीकडे बघत होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि हनुवटी वर आली होती. तो चेहरा मी ओळखते. दफनाच्या दिवशीचा चेहरा तो.

"लायलनं?" ती म्हणाली. "लायलनं या गाडीतला एक खिळासुद्धा जागेवर लावला नाही. पट्टी मी काढली. पत्रा मी घासला. दोन दिवस घासला. इथं जे काही दिसतंय तुम्हाला, ते सगळं माझ्या हातचं आहे."

हात दाखवून अवलक्षण ते हे. त्या तरुणानं टोपी पुन्हा घातली.

त्यानं सगळं नीट, सावकाश समजावून सांगितलं. तुमच्यावर खटला होईल असं वाटत नाही. पण ओळख पुसलेली गाडी कायद्यानं चोरीची धरतात. कुणाची चोरली ते सांगता येत नाही, म्हणून कुणालाच परत देता येत नाही. विकता येत नाही, भाग काढून देता येत नाहीत. ती इथंच राहील आणि मग भंगाराच्या यंत्रात दाबून टाकतील. "मला खरंच वाईट वाटतं," तो म्हणाला. त्याला वाटतही असेल. वाईट वाटून त्यानं तिच्या हातात एक छापील कागद दिला आणि कुठं सही करायची ते दाखवलं.

मी बाहेर आले. ड्वेन शीतपेयांच्या यंत्रापाशी उभा राहून डबा फोडत होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय माहीत होतं?"

"ते आकडे. ती पट्टी. बोट फिरवलं होतंस तू त्या दिवशी. तुला माहीत होतं ती कधीच पास होणार नाही."

त्यानं एक घोट घेतला. "अगं, हे कुणालाही माहीत असतं. मैदानातल्या कुणालाही विचार. पट्टी काढत नाहीत. साधी गोष्ट आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? जुने रिव्हेट तेव्हा पुराव्यासाठी कचऱ्यातून काढता आले असते."

"तिनं विचारलं का?" तो म्हणाला. "मी म्हटलं होतं तिला, विचारायला लाजू नकोस. विचारलं तिनं?" आणि तोंड पुसून: "माझ्या भावाची गाडी होती ती. निळी केली तिनं."

मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, कारण परत जायला त्याचीच पिकअप होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते हो, पण बसनं जायची सोय नसते.

आत तो तरुण कुणाला तरी हाक मारत होता. मागच्या आवारात, तारेच्या कुंपणापलीकडे, जप्त गाड्या ठेवतात. दोन माणसं बोलवून शेव्हेल ढकलत तिकडे न्यायची होती.

"ढकलायची कशाला?" व्हर्ना म्हणाली. "चालते ती."

"मॅडम, नियमाप्रमाणे तुम्ही आता..."

"रस्त्यावर नेत नाहीये मी. तुमच्याच आवारात आहे."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

व्हर्ना आत बसली. स्कर्ट सारखा केला. किल्ली फिरवली, आणि एंजिन पहिल्याच दमात उठलं. कचेरीतली माणसं खिडक्यांशी आली. तिनं काच खाली केली, कोपर दारावर टेकवलं आणि गाडी हळूहळू त्या डांबरी आवारातून निघाली. निळा रंग उन्हात असा चमकत होता की मला बघवेना. ड्वेननं खिशातून फोन काढून समोर धरला होता, शनिवारी मैदानात दाखवायला. कुंपणाच्या फाटकापाशी डावीकडे वळायचं होतं. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं, तरी व्हर्नानं डावा सिग्नल दिला. तो लुकलुकत राहिला, गाडी वळली आणि सिग्नल आपोआप बंद झाला.

जळक्या ट्रकच्या आणि टपावर उलटलेल्या एका गाडीच्या मध्ये पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या. ती दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये थांबली. एंजिन बंद केलं. काचा वर केल्या, दारं लावून बघितली आणि चालत परत आली. चालताना ती म्हातारी दिसत होती. गाडीत दिसली नव्हती.

त्या तरुणानं प्लॅस्टिकची पिशवी पुढं धरली. व्हर्नानं किल्ल्या लगेच टाकल्या नाहीत.

"चौकोनी डोक्याची एंजिनाची," ती म्हणाली. "गोल डोक्याची दारांची आणि मागच्या डिकीची."

"बरं, मॅडम."

"सुरू करताना आधी पेट्रोल द्यायचं नाही. नुसती किल्ली फिरवायची आणि थांबायचं. थंडीत तिला जरा वेळ लागतो. घाई केली तर बिघडते."

"लक्षात ठेवीन," तो म्हणाला आणि पिशवीचं तोंड बंद केलं.